सासूबाईंना घेऊन हाँगकाँग बघायचं तर

दिवाळीत हाँगकाँगला जाऊन आल्यापासून नाशकात कॉलेज रोडला भाजी घेतानाही कुणीतरी अडवतं, "काय काय बघायचं गं तिथे?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

निघायच्या आधी प्री-अरायव्हल नोंदणी ऑनलाइन करून तिचा कागद छापून घ्या. उतरल्यावर ऑक्टोपस कार्ड. मेट्रो, बस, ट्राम, बोट, सगळीकडे तेच टेकवायचं, सुट्ट्या पैशांची कटकट नाही.

पहिल्या दिवशी दुसरं काही करू नका, त्सिम शा त्सुई भागातल्या धक्क्यावरून स्टार फेरी या बोटीत बसा. बंदरापलीकडच्या सेंट्रल भागात पोचायला दहाएक मिनिटं. आपल्याकडे सीबीएस बसस्टँडहून पंचवटी गाठायला रिक्षाला याहून जास्त लागतात. ही सेवा १८८८ मध्ये दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी सुरू केली. हे कळल्यावर सासूबाई ऐसपैस बसल्या, "मग आपल्याच माणसाची की!" लाकडी बाकांची पाठ पुढे-मागे ढकलता येते, कारण बोट परत जाताना वळतच नाही. आपण पाठ ढकलायची आणि तोंड फिरवून बसायचं. निळ्या गणवेशातला खलाशी लांब आकड्याने दोर कसा पकडतो, तेही बघा.

व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जाताना आमची चूक झाली. शनिवारी संध्याकाळी पीक ट्रामच्या रांगेत दीड तास गेला, सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. तुम्ही सरळ सेंट्रलहून १५ नंबरची बस धरा. वर गच्चीचं तिकीटही काढू नका. लुगार्ड रोडची सपाट वाट फुकट आहे आणि तिथून अख्खं बंदर पायाशी दिसतं.

१९०४ पासूनची, आता दुमजली असलेली 'डिंग डिंग' ट्राम मात्र सोडू नका. मागून चढायचं, पैसे उतरताना पुढे. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी मिळाली तर मग उतरायची घाई कशाला?

लांताऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धाला २६८ पायऱ्या आहेत. वणीचा गड चढणाऱ्यांना त्याचं काय! खाली पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, तेही कांदा-लसणाशिवाय. सासूबाई चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या. बाकी ठिकाणी हिरव्या भाजीवरही ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस ओततात, आधी विचारा.

रात्री आठच्या लेझर शोचं फार ऐकलं होतं, आम्हाला यथातथाच वाटला. त्यापेक्षा तेव्हाच फेरीत बसा. आम्ही काही काम नसताना दोनदा इकडून तिकडे गेलो, बाकाची पाठ ढकलायचा मान दोन्ही वेळा सासूबाईंचा.