छोट्या बोर्डगेम प्रकाशकाचं विकिपीडिया पान: या चुका टाळा

विकिपीडियावरचं पान उडालं की प्रकाशकाचा पहिला सवाल असतो, "आमचे खेळ एवढे चांगले, मग हरकत कशाला?" पण खेळ किती सरस, किती प्रती खपल्या किंवा कंपनी किती जुनी, यावर निर्णय होतच नाही. बाहेरच्या, भरवशाच्या माध्यमांनी त्या प्रकाशकाबद्दल आपणहून आणि सविस्तर लिहिलं आहे का, एवढंच तपासतात. तिथे याला उल्लेखनीयता म्हणतात. कंपन्यांच्या बाबतीत इंग्रजी विकिपीडिया याबद्दल जास्तच काटेकोर आहे, कारण जाहिरातीसाठी पानं टाकणाऱ्यांचा तिथे सततचा त्रास असतो.

खेळाचं नाव प्रकाशकाच्या खात्यात मांडणं

बरेच मसुदे इथे अडतात. २०१९ मध्ये स्टोनमायर गेम्स या प्रकाशकानं काढलेला पक्ष्यांवरचा खेळ 'विंगस्पॅन' घ्या. त्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'केनरश्पील देस यारेस' हा बोर्डगेमचा पुरस्कार मिळाला आणि मोठ्या दैनिकांनी त्याची दखल घेतली. पण असे लेख खेळाबद्दल, त्यातल्या पक्ष्यांबद्दल आणि रचनाकार एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्याबद्दल असतात. प्रकाशकाचं नाव एखाद्या वाक्यात येऊन गेलं, तर त्या लेखानं खेळाचं पान उभं राहतं, प्रकाशकाचं नाही. त्याचा मूळ पुरस्कार 'श्पील देस यारेस'सुद्धा १९७९ पासून खेळालाच दिला जातो. म्हणून लेख हाताशी आला की त्यातला फक्त कंपनीबद्दलचा मजकूर वेगळा काढून पाहा: ती कशी उभी राहिली, काय वेगळं करते, कुठे फसली. दोन ओळीच उरत असतील, तर तो संदर्भ मोजू नका.

संदर्भांची नुसती गर्दी

पंचवीस दुवे जोडल्यानं पान टिकत नाही. उलट तपासणाऱ्याला शंका येते. लिहायला बसण्याआधी तक्ता करा. प्रत्येक संदर्भासमोर चार रकाने ठेवा: लेख कंपनीबद्दल सविस्तर आहे का, लेखक आणि माध्यम कंपनीपासून स्वतंत्र आहेत का, माध्यम भरवशाचं आहे का, आणि त्यात लिहिणाऱ्याचं स्वतःचं विश्लेषण आहे का. एकाच संदर्भानं चारही रकाने भरले पाहिजेत. चार अर्धवट संदर्भांची बेरीज चालत नाही. असे किमान दोन, शक्यतो तीन हवेत, आणि त्यातला निदान एक तरी गावापुरत्या किंवा छंदापुरत्या माध्यमाबाहेरचा, म्हणजे राज्य किंवा देश पातळीवरचा असावा.

या तक्त्यात बोर्डगेमगीक हे बोर्डगेमचं संकेतस्थळ बसत नाही, कारण तिथली माहिती सदस्यच भरतात. किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवण्याच्या संकेतस्थळावरचं पान कंपनीचं स्वतःचं असतं. मालकाची मुलाखत म्हणजे मालकाचंच म्हणणं. नवा खेळ आला, इतका निधी जमला, जर्मनीतल्या एसेनच्या बोर्डगेम मेळ्यात स्टॉल होता, 'यंदाचे दहा खेळ' यादीत नाव आलं, या बातम्या किरकोळ धरल्या जातात. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीसारखाच दिसतो. वार्ताहराचं नाव नाही, 'ब्रँड'सारखा शब्द असलेला विभाग, तळाशी जबाबदारी नाकारणारी ओळ, किंवा तोच मजकूर चार ठिकाणी शब्दशः, असं दिसलं तर तो संदर्भ सोडा.

एक चांगली गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. संदर्भ इंग्रजीतला किंवा ऑनलाइन असलाच पाहिजे असं नाही. मराठी दैनिकाच्या पुरवणीतला सविस्तर लेखही चालतो. दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, लेखाचं शीर्षक आणि लेखकाचं नाव नोंदवा. कात्रणाचा फोटो मात्र चढवू नका, तिथे स्वामित्वहक्क आडवा येतो.

लपून लिहिणं

कंपनीच्या नावानं खातं उघडलं तर ते बंद होतं. व्यक्तीच्या नावानं उघडा, कंपनीशी असलेलं नातं सदस्यपानावर (खात्याच्या स्वतःच्या पानावर) लिहा. पगार किंवा मोबदला मिळत असेल, तर तो जाहीर करणं वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. मग मसुदा थेट प्रकाशित लेखांच्या मुख्य विभागात न टाकता तपासणीसाठी द्या. 'आघाडीची', 'दर्जेदार', 'आगळीवेगळी' असली विशेषणं काढून टाका. उघड जाहिरात वाटणारं पान चर्चेविनाच उडवता येतं.

'पान नक्की टिकवून देऊ' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. नाकारलेल्या मसुद्यांच्या मालकांना गाठून पैसे उकळणारी अशीच एक टोळी २०१५ मध्ये उघड झाली. इंग्रजी विकिपीडियानं तेव्हा ३८१ खाती बंद केली आणि त्यांची दोनशेवर पानं काढली.

पान बसत नसेल तर

आधी खेळाचे संदर्भ त्याच तक्त्यात घालून पाहा. खेळाचं पान उभं राहत असेल तर ते लिहा, त्यात प्रकाशकाबद्दल एक परिच्छेद द्या आणि प्रकाशकाच्या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे करा, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप त्या पानावर पोचेल. वाचकाला माहिती मिळते आणि पुढे संदर्भ वाढले की स्वतंत्र पान करता येतं. नाकारलेला मसुदा तसाच पडू देऊ नका. सहा महिने त्यात कुणी बदल केला नाही, तर तो काढला जाऊ शकतो. हटवण्याची चर्चा सुरू झाली असेल, तर साधारण सात दिवस मिळतात. तेवढ्यात मित्रांना मतं द्यायला बोलावू नका, तिथे मतमोजणी होत नाही. तक्त्यातले सर्वांत भक्कम तीन संदर्भ, प्रत्येकात कंपनीबद्दल नेमकं काय आहे ते एका ओळीत सांगून, चर्चेत मांडा.