जंगलातली शाळा उघडताना: आधी सरपण

पुस्तकं आली होती. तांदूळ आला होता. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, पहिलीतली सहा पोरं भिंतीला टेकून डोळे मोठे करून बसली होती. आणि चूल पेटत नव्हती. आदल्या रात्री पावसानं झोडपलेलं, चारी बाजूंनी जंगल, आणि शाळेत एक कोरडं लाकूड नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तांदूर आहे, डार आहे. चुलीत का तुमची वही घालू?" तीन दिवस पोरं दुपारी उपाशीच घरी गेली. चौथ्या दिवशी निम्मी आलीच नाहीत.

गडचिरोलीच्या आतल्या भागात, दोनशिक्षकी, पहिली ते चौथीच्या शाळेवर यंदा कुणी नव्यानं रुजू होणार असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. खडू, डस्टर, हजेरीपट, घंटा हे सांगत बसत नाही. ते तुम्ही आणालच.

सरपणाचं काम मे महिन्यात करायचं. जूनमध्ये नाही. शाळा उघडायच्या आठवड्यात तर नाहीच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात, त्यामुळे आपल्याला वाटतं हाताशी भरपूर वेळ आहे. नसतो. मे महिन्यात सगळं गाव तेंदूपत्त्याला असतं, पहाटे जंगलात नि दिवसभर पुडे बांधण्यात. तो हंगाम संपला की बैल नि बंडी (बैलगाडी) जेमतेम काही दिवस मोकळी मिळते. मृग लागून एक पाऊस पडला की बैल नांगराला गेले. मग तुम्ही हात जोडले तरी बंडी मिळत नाही. मला नाही मिळाली.

किती लागतं ते आधी मोजा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे आमच्या २७ मुलांना पावणेतीन किलोच्या आत. तेवढा भात आणि वरण व्हायला आमच्या चुलीला सात-आठ किलो लाकूडफाटा जातो. दिवाळीच्या सुटीपर्यंतचे शाळेचे दिवस धरले तर सहा-सात क्विंटल. भरलेल्या दोन बंड्या समजा. मी "लागेल तसं आणू" असं ठरवलं होतं. पावसाळ्यात लागेल तसं येतं ते ओलं येतं.

"पण गॅस आहे ना?" असं मला वरून विचारलं गेलं. सिलिंडर आहे. तो संपला की नाल्यापलीकडून भरून आणायचा, आणि नाला भरला की दुचाकीसुद्धा उतरत नाही. भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुक्याचं गावच तुटतं, तिथं आपल्या शाळेच्या नाल्याचं काय घेऊन बसलात. गॅस असू द्या. सरपणही ठेवा.

लाकूड आणायचं ते ग्रामसभेला विचारून. वनहक्क कायदा २००६चा. मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९मध्ये मिळाला, नंतर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना. जंगल कसं वापरायचं हे गाव ठरवतं, शाळेच्या गुरुजीनं कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघायचं नाही. संध्याकाळच्या सभेत जाऊन सांगितलं की लोक नाही म्हणत नाहीत, उलट कुठं काय पडलंय ते त्यांनाच ठाऊक. पडलेलं, वाळलेलंच घ्यायचं. धावडा, ऐन मिळाला तर उत्तम, निखारा टिकतो. बांबू पेटवणाला ठीक, पण पेर फुटलं की बंदुकीसारखा आवाज होतो नि पहिलीचा वर्ग रडायला लागतो. मोहाच्या झाडाला हात लावायचा नाही, हे सांगायला लागू नये.

आणि मुलांना सरपण आणायला पाठवू नका. मोह होतो. त्या तीन दिवसांत मलाही झाला, चौथीची दोन पोरं "आणतो ना गुरुजी" म्हणत उभीच होती. नाही म्हणजे नाही. ती शाळेत शिकायला आलीत, आणि पावसातल्या लाकडाच्या ढिगाखाली काय बसलंय ते तुम्हाला माहीत नाही.

रचताना खाली दगड किंवा जाड ओंडके घाला, नाहीतर उधळी (वाळवी) लागते. ताडपत्री फक्त वरून, बाजू उघड्या. चहूबाजूंनी गुंडाळलीत तर आत बुरशी येते. वर्गखोलीत रचू नका, विंचू येतात. किचनशेडच्या आडोशाला, चुलीपासून दोन हात लांब. झालं का सरपण? मग पुढं वाचा.

छताची कवेलू (कौलं) मेमध्येच फेरून घ्या. दीड-दोन महिने बंद असलेली खोली उघडताना मुलं सोबत नकोत. सतरंज्या, बाकं, जुन्या वह्यांचे गठ्ठे आधी काठीनं हलवायचे, मग हात घालायचा. मण्यार सापाचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, म्हणून लोक झोपून घेतात, आणि तीच झोप महागात पडते. पापण्या जड व्हायला लागल्या, पोटात दुखायला लागलं की वाट बघू नका. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही. १०८ला फोन लागला तर ठीक, पण रेंज कुठल्या टेकडीवर येते आणि नाला भरलेला असताना आरोग्य केंद्राकडं कुठल्या वाटेनं जायचं, हे दोन्ही आधी चालून बघून ठेवा.

पाण्याची टाकी घासून घ्या, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर ग्रामपंचायतीकडून मागून आणा. हातपंपाचं पाणी पहिल्या पावसानंतर गढूळ आलं तर ते स्वयंपाकालाही वापरू नका. तांदळाची पोती भिंतीला टेकवायची नाहीत, फळीवर ठेवायची. मागचा उरलेला तांदूळ वजन करून नोंदवहीत चढवा, सोंडे झाले असतील तर तेही लिहा. पुस्तकं केंद्रशाळेतून नाला भरायच्या आत उचला. यात मी चुकलो नव्हतो, म्हणून जास्त सांगत नाही.

मुलांची यादी कागदावरून करू नका, घरोघर फिरून करा. काही कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेली असतात. काहींनी पोर आश्रमशाळेत घातलेलं असतं, तर आश्रमशाळेतून पळून आलेलं एखादं घरीच असतं. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४मध्ये ते स्पष्ट आहे. आधार नंतर काढू. आधी पोर वर्गात बसू द्या.

पहिलीतलं पोर माडिया ही इथल्या आदिवासींची भाषा बोलतं. तुमचं "इकडे ये, बस" त्याला कळत नाही, ते गप्प बसतं आणि तुम्ही वहीत "मंद" लिहून मोकळे होता. तसं करू नका. अंगणवाडीच्या ताईंना पहिले पंधरा दिवस रोज तासभर वर्गात बोलवा. निदान तहान, पोटदुखी, शू यांचे शब्द पाठ करून जा. पाण्याला "एर" म्हणतात. हा एक शब्द मी वेळेवर शिकलो असतो तर एक पोर पहिल्याच दिवशी तहानलेलं घरी गेलं नसतं. "जोहार" म्हणून सुरुवात करा, पालक दोन पावलं पुढे येतात.

जुलैत रोवणा (भाताची लावणी) लागतो. हजेरी पडते, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहतात. रागावू नका, भावंडासकट येऊ द्या. मलेरियाचे दिवस तेच. ताप आला की रक्ताची तपासणी आशाताईंकडून त्याच दिवशी.

ऑगस्टमध्ये झेंडावंदन, त्याचं कुणी विसरत नाही.

शाळेची ऑनलाइन माहिती रेंजच्या टेकडीवर जाऊन, मोबाईल पूर्ण चार्ज करून, शेवटच्या दिवसाची वाट न बघता भरा.

सप्टेंबरच्या मध्यावर ढीग पुन्हा मोजा. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही येतो, आणि तोवर खालचा थर ओल धरतो. दिवाळीपर्यंत दोन बंड्या म्हटलं खरं, पण मी यंदा अडीच रचून घेतल्यात.