सोशल इनोव्हेशन शिकायला येताय? आधी वस्तीत पाणी कसं भागतंय ते बघा

सोशल इनोव्हेशन म्हणजे समाजातल्या प्रश्नांवर नव्या वाटा शोधणं. डिझाइन थिंकिंगचे, म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून उपाय घडवायच्या पद्धतीचे, टप्पे वगैरे तुम्ही वाचूनच येणार, त्यात वेळ घालवत नाही. रिट्टेल आणि वेबर या अभ्यासकांनी १९७३ मध्ये मांडलेला 'विकेड प्रॉब्लेम' पण पहिल्या महिन्यातच शिकवतात, की असल्या प्रश्नाला शेवट नसतो, उपाय केला की प्रश्नच थोडा बदलतो आणि चुकलं तर पाटी कोरी करून परत सुरुवात करता येत नाही. परीक्षेत सगळे छान लिहितात. फील्डवर्कला गेलं की विसरतात.

आम्हाला मुंबईत गोवंडीकडची वस्ती मिळाली, विषय पाणी. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये प्रश्न काय तर घरात नळ आहे का, महापालिकेचं कनेक्शन आहे का, फिल्टर आहे का. सगळीकडे नाही, नाही, नाही. एक्सेल भरली, प्रॉब्लेम स्टेटमेंट तयार, आणि मग नाणं टाकून शुद्ध पाणी देणारं मशीन हा उपाय इतका उघड वाटायला लागला की कोणी थांबलंच नाही. वस्तीत मशीनची चित्रं दाखवली तेव्हा एक ताई म्हणाल्या, "उधारीवर देणार का तुमचं मशीन?"

कारण तिथे पाणी येतच होतं! मोटार लावून लांबून पाइप ओढणारा एक माणूस होता, ड्रमवर पैसे, पाइप दारापर्यंत, हिशोब वहीत, आणि लोकांचा पगार लांबला तर तो पैशांसाठी थांबायचा. महाग होतं, लोक चिडूनही होते, पण ती चालू व्यवस्था होती आणि आमच्या फॉर्ममध्ये तिला एक रकानासुद्धा नव्हता.

म्हणून परत परत सांगते, काय नाही तेवढंच मोजत बसू नका, आज कसं भागतंय ते बघा. कोण भरतं, किती वाजता, पैसे कोणाच्या हातात जातात, मोटार बिघडली तर कोणाला फोन करतात, कुठली मुलगी शाळा बुडवून रांगेत उभी राहते. हे फॉर्मवर कळत नाही, पाणी यायच्या वेळी तिथे असावं लागतं, मग ती पहाट असली तरी. सकाळी अकराला जाऊन काही दिसणार नाही, ड्रम भरून झालेले असतात.

आणि मुळात कनेक्शन का नव्हतं? तर वस्ती कट-ऑफ तारखेनंतरची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या तारखेनंतर बसलेली, म्हणून बेकायदा धरलेली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की घर बेकायदा असलं म्हणून पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ मध्ये महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. माझ्या मते मुंबईतल्या पाण्यातलं सगळ्यात मोठं इनोव्हेशन हेच, यात ना ॲप ना मशीन. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचंही तसंच, १९९६ मध्ये टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या) फील्ड ॲक्शन प्रोजेक्टमधून सुरू झाली, टेलिफोन काही नवा नव्हता, मुलाने स्वतः फोन करायचा आणि रात्री-अपरात्री कोणीतरी तो उचलायचाच ही व्यवस्था नवी होती.

मेंटरबद्दल स्पष्ट बोलते. पहिल्याच भेटीत "स्केल कसं करणार", म्हणजे हे मोठ्या प्रमाणावर कसं नेणार, असं विचारणाऱ्यापासून निदान पहिलं वर्ष लांब राहा. वीकेंडचे हॅकॅथॉन, म्हणजे एक-दोन दिवसांत उपाय बनवायच्या स्पर्धा, त्याही सोडा, सर्टिफिकेटपलीकडे हाताला काही लागत नाही. संस्थेतली जुनी कार्यकर्ती ताई शोधा जिला वस्तीत सगळे नावाने ओळखतात, ती शिकवायला बसणार नाही, तिच्याबरोबर फिरायचं, गप्प राहून.

मराठी मीडियमवाल्यांनो, पहिल्या सेमिस्टरची इंग्लिश रीडिंग्ज छळतात, मी लायब्ररीत रडलेय, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. पण घाबरू नका, बसतं ते हळूहळू. वॉर्ड ऑफिसचं पत्र आणि सरकारचा जीआर तुम्ही एका वाचनात समजून घेता, ग्रुपला त्याची रोज गरज पडते.

नोकरीचं म्हणाल तर बराच पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, त्यात बसणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. हिशोब आर्थिक वर्षाचा, म्हणून मार्च आला की सगळ्यांना आकडे हवेत, वस्तीतलं काम मात्र मार्चमध्ये संपत नाही. इंटरव्ह्यूत तुम्हीच विचारा, फंडिंग संपल्यावर हे कोण चालवणार? उत्तर गोलमोल आलं तर सावध व्हा. एज्युकेशन लोन डोक्यावर असेल तर सीएसआरची नोकरी खुशाल घ्या, मीही घेतली, त्यात कमीपणा काही नाही, फक्त फील्डवर नियमित जायला मिळेल हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लेखी घ्या.