बाजार पाहणीपूर्वीची तयारी : बेळगाव सीमाभागातील उद्योजकांसाठी

पाहणीचा खर्च मंजूर करण्याआधी, तिच्या निकालावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात कागदावर उतरवावे. ‘निपाणीची बाजारपेठ कशी आहे’ एवढे पुरेसे नाही. ‘कुंद्याचे (बेळगावच्या दुधाच्या मिठाईचे) दुसरे दुकान दिवाळीपूर्वी निपाणीत काढावे, खानापुरात काढावे, की काढूच नये’ असे ते वाक्य हवे. त्याखालीच, कोणते उत्तर आले तर माघार घ्यायची, तेही लिहून ठेवावे, कारण आकडे हाती आल्यावर ही रेघ आखायला बसले की ती मनाच्या कलाप्रमाणे सरकते.

जे आयते मिळते त्यासाठी पैसे मोजू नयेत. 2011 च्या जनगणनेत गावनिहाय लोकसंख्या आणि कुटुंबसंख्या उपलब्ध आहे; ती जुनी असली तरी गावांची तुलना करण्यास उपयोगी पडते. कोल्हापुरात माल पाठवण्याचा विचार असेल तर आधी कर सल्लागाराला विचारावे: जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील (लहान व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठराविक दराने कर भरण्याची सोय) व्यापाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही, आणि निपाणीपासून कोल्हापूर कितीही जवळ असले तरी ते परराज्यच आहे. जो माल पाठवताच येणार नाही, त्याची मागणी मोजण्यात अर्थ नाही.

किती जणांना विचारायचे, याचा हिशेब निर्णयाच्या वजनावर ठरतो. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तशा, निवडलेल्या सुमारे 385 जणांची उत्तरे 95 टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे 95 वेळा) खऱ्या आकड्यापासून पाच टक्क्यांच्या फरकापर्यंत अंदाज देतात. दहा टक्क्यांचा फरक चालणार असेल तर 97 जण पुरतात. मात्र निपाणी आणि खानापूर यांची उत्तरे वेगवेगळी हवी असतील, तर हा आकडा प्रत्येक गावासाठी स्वतंत्र धरावा लागतो. केवळ बसस्थानकावर किंवा आठवडी बाजारात भेटलेल्यांवर विसंबू नये. वॉर्ड ठरवून, ठराविक अंतराने घरे घ्यावीत.

सर्वाधिक काळजी प्रश्नावलीची घ्यावी. समोर बसून ‘आमचा कुंदा घ्याल का?’ असे विचारले तर आपल्याकडचा माणूस संकोचाने ‘घेऊ की’ म्हणतो, आणि त्या होकाराच्या भरवशावर दुकानाचे भाडे भरणे धोक्याचे आहे. त्याऐवजी, गेल्या महिन्यात घरी मिठाई कधी आणली, कुठून, किती आणि काय भावाने, हे विचारावे. प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही हवेत. कन्नड मसुदा तिसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मराठीत करून घेतला की अर्थ कुठे बदलला ते दिसते. दारात उभे राहताच घरची भाषा ओळखून बोलणारा मुलाखतकार निवडावा, पण तो आपल्याच दुकानातला नसावा. दहा-पंधरा घरांत चाचणी घेऊन, जिथे लोक अडखळतात ते प्रश्न काढून टाकावेत.

वेळेचाही विचार करावा. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात उसाचे बिल जमा झाल्यावरचा खर्च आणि पावसाळ्यातला खर्च सारखा नसतो. एकाच हंगामातल्या उत्तरांवरून वर्षाची विक्री काढू नये.

काम संस्थेला देणार असाल, तर भरलेले सर्व फॉर्म आपल्या ताब्यात मिळतील, ही अट करारातच घालावी. दर दहा फॉर्मांमागे एका घरी आपण स्वतः फोन करून मुलाखत खरोखर झाली का, याची खात्री करावी, आणि त्यासाठी फोन नंबर घेताना तो कशाकरिता वापरला जाईल हे सांगून संमती आधीच नोंदवावी.