रोपाची रात्रपाळी मोजायची कशी

रोप रात्री नेमकं कधी जास्त वाढतं हे पाहायला तीन डबे घ्या. प्रत्येकात ओल्या टिपकागदावर मोहरीचे २०-२० दाणे पसरा. तापमान २२ ते २४ अंश, टायमरवर एलईडी दिवा: ८ तास उजेड, १६ तास अंधार. चौथ्या रात्री पहिला डबा दिवा विझताच उघडा, दुसरा ८ तासांनी, तिसरा दिवा लागायच्या जरा आधी. रोपं उपटून मुळापासून बीजपत्रांपर्यंतचा दांडा आलेखकागदावर मोजा.

वाढीचा जोर रात्रीच्या उत्तरार्धात दिसायला हवा. मोहरीच्याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यामध्ये याचं कारण सापडलंय. संध्याकाळी रोपाच्या अंतर्गत घड्याळातलं ईएलएफ३ हे प्रथिन आणि त्याची साथीदार प्रथिनं पीआयएफ या वाढ घडवणाऱ्या प्रथिनाची जनुकं दाबून ठेवतात. पहाटेकडे ही पकड सुटते, पीआयएफ साठतं, ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं, पेशी लांबतात. उजेड पडला की फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारं प्रथिन पीआयएफचा निकाल लावतो. जिबरेलिन हे दुसरं संप्रेरकही वाढीला हातभार लावतं: पीआयएफला अडवणारी डेल्ला प्रथिनं ते मोडीत काढतं.

प्रयोग फसतो तो बहुतेक उतावळेपणाने. मोबाइलचा टॉर्च मारून डोकावलात, तर तो डबा बाद समजा. डबा दिव्याच्या उष्णतेने तापला तरी दांडे लांबतात, म्हणून थर्मामीटर डब्याच्या आतच ठेवा.