रेशमाचा तंतू ठिसूळ का होतो? या चुका टाळा

बडोद्यात प्रोजेक्टसाठी फायब्रॉइन या रेशमाच्या मुख्य प्रथिनाचे तंतू काढणाऱ्या विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे, तंतू सुईतून निघतो, पण वाळला की कटकन मोडतो. मग सुया बदलून पाहिल्या जातात. दोष बहुधा क्रमाचा असतो: प्रथिनाच्या साखळ्या सरळ होण्याआधीच त्या जखडल्या गेलेल्या असतात.

सुईतून निघालेले द्रावण मिथेनॉलमध्ये पडताच फायब्रॉइनच्या साखळ्यांची बीटा-शीट, म्हणजे एकमेकींना घट्ट बांधलेल्या साखळ्यांचे थर, बनू लागतात. त्या वेळी साखळ्या गुंतलेल्या असतील, तर गुंता कायमचा बसतो. म्हणून तंतू ओला आणि मऊ असतानाच हळूहळू दोन-तीन पट ओढा आणि रिळावर ताणलेलाच वाळवा. सैल सोडला तर तो आकसतो, कमावलेली रचना विस्कटते. मिथेनॉल फारच घाई करत असेल, तर ६० अंशांचे ३० टक्के अमोनियम सल्फेटचे द्रावण वापरा, ओढायला वेळ मिळतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करा. रेशीमकिडासुद्धा तंतू ढकलत नाही, डोके फिरवत ओढून काढतो. शाओ आणि वोलराथ या संशोधकांनी २००२ साली दाखवले की त्याच किड्याचे रेशीम वेगाने ओढले तर अधिक मजबूत होते, मात्र कमी ताणते.

दुसरी चूक उकळण्यात होते. ५ ग्रॅम कोषांना २ लिटर पाणी, ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि ३० मिनिटे पुरतात. सेरिसिन (तंतूंवरचा डिंकासारखा थर) पूर्ण जावे म्हणून तासभर उकळले, तर सुमारे ३९० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) लांब साखळ्याच तुटतात. मग कितीही ओढा, ताकद येत नाही. पुढे ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांवर चार तास विरघळवा आणि शुद्ध पाण्यात ४८ तास डायलिसिस करा, म्हणजे पातळ पडद्यातून क्षार बाहेर जाऊ द्या. नळाचे पाणी नको, त्यातल्या कॅल्शियमने द्रावण लवकर जेल होते.

बाटली हलवणे, फेस आणणे, पीएच आम्ल होऊ देणे, हीसुद्धा जेलची कारणे. मे महिन्यात द्रावण टेबलावर ठेवूच नका, ४ अंशांवर ठेवा.

पडताळणीसाठी दोन पोलरायझर पट्ट्या (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने जाऊ देणाऱ्या) एकमेकींना काटकोनात धरा आणि मधे तंतू ४५ अंशांवर ठेवा. तो उजळला आणि पट्टीच्या दिशेत फिरवल्यावर काळा पडला, तर साखळ्या रांगेत आहेत. सगळ्या दिशांना सारखाच मंद दिसला, तर ओढण्याच्या टप्प्याकडे परत जा.