रस्त्याचा मॅप की ट्रॅकचा? टर्बो गाडी ट्यून करताना या चुका टाळा

पुण्यात एआरएआयच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ. त्याच टेकडीवरच्या संस्थेत गाड्यांच्या धुराची परीक्षा होते, हे त्यातल्या किती जणांच्या लक्षात असतं कोण जाणे. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी अशा संस्थेत रोलरवर चढतं, ठरलेल्या चक्राप्रमाणे पळतं आणि प्रत्येक किलोमीटरमागे किती घाण सोडली याचा हिशेब होतो. आपला पीयूसीवाला उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून दोन मिनिटांत कागद देतो. या दोन परीक्षा एकच समजणं ही पहिली चूक. इंजिनच्या संगणकातला (ईसीयू) मॅप, म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि टर्बोच्या दाबाचा तक्ता, बदलून ताकद वाढवणं म्हणजे ट्यून किंवा रिमॅप. ‘पीयूसी निघाली, म्हणजे ट्यून लीगल आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही.

कागदावरची गोष्ट सरळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाला धरून नसलेला बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर १०,००० रुपयांपर्यंतचा दंड वेगळा. ‘रिमॅप तर सॉफ्टवेअर, कुणाला दिसतंय?’ दिसत नाही, कबूल. पण न कळवलेला बदल म्हणजे अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत. अमेरिकेतून मागवलेल्या इनटेकवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपवर) कॅलिफोर्नियाचा मंजुरी क्रमांक छापलेला असतो. तो तिथल्या रस्त्यांपुरता. आपल्या आरटीओत त्याला काडीची किंमत नाही.

म्हणून ट्यूनरकडे जाण्याआधी एक गोष्ट ठरवा. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या किंवा कोल्हापूरच्या ट्रॅकवरून गाडी घरी स्वतःच्या चाकांवर येणार की ट्रेलरवर? ट्रेलरवर येणार असेल, तर स्पर्धेच्या नियमात बसेल ते करा आणि पुढचं बरंचसं सोडून द्या. चाकांवर येणार असेल, तर तिला रेसचं सामान लावणं हीच बहुतेक दुखण्यांची मुळी.

कारण कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पेट्रोल गाडीचा थ्री-वे कॅट काम करतो तो लॅम्डा १ च्या अगदी आसपास, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा असताना. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, ई२० (२० टक्के इथेनॉल) असेल तर साधारण साडेतेरा. रेसचा ट्यूनर फुल बूस्टला (टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असताना) मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, ठेवतो, लॅम्डा ०.८ च्या घरात, कारण जास्तीचं पेट्रोल सिलिंडर आणि टर्बाइन थंड ठेवतं. ट्रॅकवर ते बरोबरच आहे. चूक होते ती हा रिचपणा खाली, आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) आणि क्रूझपर्यंत (एकसारख्या वेगापर्यंत) पसरवल्यावर. सिग्नलला उभं असताना पेट्रोलचा वास, टेलपाइपच्या तोंडाला काजळी, अॅव्हरेज घसरलेलं, ही त्याची लक्षणं. रस्त्याच्या मॅपमध्ये आयडल, ट्रॅफिकमधलं रांगणं आणि कोल्ड स्टार्ट कंपनीने दिलंय तसंच राहू द्यावं; हात लावायचा तो वरच्या लोडच्या खान्यांना. ट्यूनर ‘सगळं मोकळं केलं’ असं सांगत असेल, तर पैसे देऊ नका.

फटाक्यांचा मॅप हा माझ्या विशेष रागाचा विषय. अॅक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज यावा म्हणून इग्निशन उशिरा करून पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळतात. रॅलीच्या गाडीतल्या अँटी-लॅगला निदान काम असतं, टर्बो फिरता ठेवण्याचं; इथे फक्त शेजाऱ्यांची झोप मोडते. कॅटच्या आतली जाळी वितळते, तुकडे अडकतात, एक्झॉस्ट तुंबतो आणि गाडी वर ओढेनाशी होते. मग ‘टर्बो गेला’ म्हणून भलतंच बिल होतं.

यावर काही जण डिकॅट डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा बिनकॅटचा पाइप, लावून मोकळे होतात. चेक इंजिन लाइट लागते, कोड पी०४२०, म्हणजे कॅट काम करत नाही. मग कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरला धुरापासून दूर ठेवणारा स्पेसर लावून लाइट विझवायची. म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं.

पीयूसीत गाडी नापास झाली तर कागदावरचे आकडे नीट वाचा. मेकॅनिकच्या अंदाजापेक्षा ते जास्त बोलतात. बीएस ४ आणि बीएस ६ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा. २,५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. सीओ जास्त आणि लॅम्डा कमी, म्हणजे मिश्रण रिच: मॅप किंवा गळका इंजेक्टर. सीओ ठीक पण एचसी चढलेला, म्हणजे मिसफायर. बूस्ट वाढवला आणि प्लगची गॅप जुनीच ठेवली की ठिणगी विझते, म्हणून आधी प्लग आणि कॉइल बघा. लॅम्डा १.०३ च्या वर आणि बाकी सगळं छान असेल, तर आनंद करू नका. फ्लेक्सी पाइपला चीर किंवा डाउनपाइपचं गॅस्केट फुटलेलं असणार. बाहेरची हवा आत शिरते. गळती पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर ईसीयूला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो. सीओ, एचसी दोन्ही जास्त आणि लॅम्डा मात्र १, तर कॅट थंड आहे किंवा मेला आहे. आधी वीस मिनिटं गाडी नीट पळवा, तडक सेंटरला जा, पुन्हा मोजा. घराजवळच्या सेंटरला दोन मिनिटांत पोचून नापास होणारे खूप पाहिलेत.

पेट्रोलच्या बाबतीत दोन चुका. १०० ऑक्टेनवर बनवलेल्या मॅपच्या गाडीत आंबोलीच्या वाटेवर मिळेल ते साधं पेट्रोल भरलं की नॉक होतं (मिश्रण आपोआप भडकतं), ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि ताकद जाते. दुसरी चूक महागडी: कुठूनतरी मिळवलेलं विमानाचं शिसं घातलेलं शंभर एलएल पेट्रोल. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालीच बंद झालं, ते उगाच नाही. शिसं कॅट आणि सेन्सर दोन्हींना कायमचं झोपवतं. काही ऑक्टेन बूस्टरमधल्या धातूंनीही प्लग नारिंगी होतात.

टर्बोची गाडी टॉप गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर ठेवून घाटात पाय दाबण्याची सवयही सोडा. थेट इंजेक्शनच्या छोट्या इंजिनात अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि बूस्ट वाढवलेल्या गाडीत एखादाच असा झटका पिस्टन तोडायला पुरतो. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल याचा धोका कमी करतं.

आणि गिअरबॉक्स. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची), डीक्यू२०० ची, टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. व्हर्टस, स्लाव्हियाचं १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० देतं. म्हणजे डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर त्यावरचा जो आकडा बघून तुम्ही खूश होता, तो सगळा त्या दोन क्लचच्या माथी. ट्यूनरला टॉर्कची मर्यादा आधी सांगा, हॉर्सपॉवर नंतर विचारा, आणि मूळ फाइलची प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये घेतल्याशिवाय गाडी त्याच्या हवाली करू नका.